आईंचा अंगठा



भाजणीबद्दल लिहिणार होते, ते आता पुढच्या वेळी. आज शाईच्या एका डबीबद्दल लिहायचं आहे. अंगठा उठवायची निळी डबी, आपल्या प्रत्येकीच्या घरात कपाटाच्या खणात कुठेतरी असते ती.

माझ्या सासूबाई आमच्याकडे बोरिवलीला असतात. वय 79. गेली सहा वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश आहे. सकाळी उठल्या की मला विचारतात, "तू कुणाची गं?" मी म्हणते, "तुमचीच." मग दूध घेतात. सासरे चार वर्षांपूर्वी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांच्या नावावर बोरिवली पश्चिमेला जुन्या सोसायटीतला एक फ्लॅट आहे. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, भाव वाढला, आणि नणंदबाईंनी वाटपाचा दावा लावला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचा हिस्सा आहेच, आणि तोंडी मागून मिळाला नसता हे मलाही माहीत आहे.

दावा दिंडोशीच्या नगर दिवाणी न्यायालयात आहे. प्रतिवादी कोण? सासूबाई, मोठे भाऊजी, आमचे हे, धाकट्या जाऊबाई आणि त्यांची 14 वर्षांची मुलगी. धाकटे भाऊजी सासऱ्यांच्या आधीच गेले, म्हणून त्यांचा हिस्सा मायलेकींकडे आला. हिशेब सांगते. सासूबाई, दोन मुलगे, एक मुलगी आणि गेलेल्या मुलाचं घर असे पाच वाटे. त्या पाचव्या वाट्यातला अर्धा जाऊबाईंचा, अर्धा पुतणीचा. म्हणजे चौदा वर्षांच्या पोरीचा फ्लॅटमध्ये दहावा हिस्सा, आणि जिला आपलं नाव आठवत नाही त्या आईंचा पाचवा.

समन्स आलं तेव्हा मोठ्या भाऊजींच्या ओळखीचे एक वकील घरी आले. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवून बसलो होतो. त्यांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि आईंच्या वकालतनाम्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे आजींचा डावा अंगठा. झालं काम."

डबी मीच आणली. आईंचा हातही मीच धरला. जन्मभर सही करणारी बाई, किराण्याच्या हिशेबाच्या वहीतसुद्धा रोज खाली सही करायची. तिचा अंगठा मी शाईवर टेकवणार, एवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "ताई, थांबा जरा. आईंना कळतंय का, कशावर अंगठा देताहेत?"

कुणी काही बोललं नाही. आई मात्र माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं असेल मी मेंदी लावतेय.

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी जाऊबाईंचा रागच आला होता. आता वाटतं, त्या घरात शहाणं माणूस त्या एकट्याच होत्या. कारण आपल्याला जे साधं काम वाटतं, ते कायद्याच्या नजरेत साधं नसतं. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची आहे, आणि तिचा बत्तिसावा आदेश नेमका अशाच माणसांसाठी लिहिलेला आहे. 18 वर्षांखालचं मूल आणि ज्याला आपलं हित राखता येत नाही असा मोठा माणूस, यांनी स्वतः दावा चालवायचा नाही. त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी उभं राहायचं. दावा लावणारा असा असेल तर त्याच्या वतीने उभा राहतो तो वादमित्र. ज्याच्यावर दावा लागलाय तो असा असेल तर कोर्ट त्याच्यासाठी नेमतं तो वादपालक. हे झाले पुस्तकी शब्द. कोर्टाच्या जिन्यात सगळे दोघांनाही नेक्स्ट फ्रेंड किंवा गार्डियन म्हणून मोकळे होतात. गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांनी सातबाऱ्यावर "अ.पा.क." ही अक्षरं पाहिली असतील. अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे वय पूर्ण नसलेलं मूल. आपण स्वाध्यायात हा शब्द वेगळ्याच अर्थाने ऐकतो, म्हणून लहानपणी मला मोठा प्रश्न पडायचा की काकांच्या सातबाऱ्यावर अज्ञान कसं काय आलं!

तर, असा वादपालक न नेमता त्या मुलावर किंवा त्या आजारी माणसावर हुकूमनामा झाला, तर तो पुढे रद्द होऊ शकतो. म्हणजे आईंचा अंगठा घेऊन आम्ही काही वाचवत नव्हतो. उलट आईंचं जे एकमेव संरक्षण होतं, तेच काढून घेत होतो, आणि दहा वर्षांनी सगळं पुन्हा उकरलं जाईल अशी सोयही करून ठेवत होतो.

हे मी दुसऱ्या दिवशी बोलले तेव्हा मोठे भाऊजी भडकले. "म्हणजे आईला कोर्टात वेडी ठरवायची? समाजात काय तोंड दाखवायचं? आई अजून रोज सकाळी णमोकार मंत्र म्हणते, एक अक्षर चुकत नाही!"

मैत्रिणींनो, हे खरं आहे. आईंना मुलांची नावं आठवत नाहीत, पण णमोकार अखंड येतो. त्या वेळी त्यांचा आवाजसुद्धा पूर्वीसारखा होतो. ते ऐकून मलाही कितीदा वाटलं आहे की आई परत आल्या. पण मंत्र म्हणता येणं वेगळं आणि कागदावर काय लिहिलंय, त्याने माझं काय जाईल, हे कळणं वेगळं. कायदा वेडेपणाचा शिक्का मागतच नाही. बत्तिसाव्या आदेशाचा पंधरावा नियम मनाच्या दुर्बळपणाबद्दलही बोलतो. न्यायाधीशांनी चौकशी करून एवढंच बघायचं की या माणसाला या दाव्यात आपलं हित राखता येतंय की नाही. पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस, स्मृतिभ्रंश झालेली आजी, अपघातानंतर बेशुद्ध असलेला तरुण, कुणालाही हे लागू होऊ शकतं. यात लाज कसली?

चौकशी झाली. डॉक्टरांचा दाखला होताच, तरी न्यायाधीशांनी आईंना आत बोलावून स्वतः विचारलं. नाव विचारलं, किती मुलं ते विचारलं. मग विचारलं, "आजी, तुमच्या फ्लॅटचं काय करायचं?" आई म्हणाल्या, "यांना विचारून सांगते. दुकानातून संध्याकाळी येतीलच." न्यायाधीशांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

आता आईंच्या वतीने उभं कोण राहणार? आपल्या घरात हा प्रश्न पडतच नाही. थोरला मुलगा, आणखी कोण! पण चौथा नियम म्हणतो की तो माणूस सज्ञान हवा, शहाणा हवा, त्याचं हित त्या व्यक्तीच्या हिताच्या आड येता कामा नये, आणि त्याने लेखी संमती दिलेली हवी. वाटपाच्या दाव्यात आईंचा वाटा जेवढा कमी होईल तेवढा कुणाचा तरी वाढणार. मग थोरला मुलगा कसा चालेल? धाकटा तरी कसा? मी पुढे झाले. सहा वर्षं आईंचं न्हाणं-धुणं मी करते, माझ्या नावावर हिस्साही नाही. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "तुमचे पती प्रतिवादी आहेत ना?"

रिक्षात घरी येईपर्यंत मी रडत होते. एवढं करून माझ्यावरच संशय?

त्या रात्री मला अरुणा शानबाग आठवल्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असतील. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. 2009 मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांची नेक्स्ट फ्रेंड म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मागणी होती ती अन्नपाणी थांबवून त्यांना सोडवण्याची. इच्छामरणाचा विषय फार मोठा आहे, आज तो बाजूला ठेवते. मला त्या निकालातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो, ज्याबद्दल कमी बोललं गेलं. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने आधी हेच विचारलं की अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा? विराणींच्या तळमळीचं कौतुक केलं, पण नेक्स्ट फ्रेंड म्हणून त्यांना मान्य केलं नाही. तो मान केईएमच्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांना दिला. सदतीस वर्षं ज्यांनी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, त्यांना. त्यांना ती जगायला हवी होती. 18 मे 2015 ला न्यूमोनियाने अरुणा गेल्या, तोवर ते करतच राहिले. नातं रक्ताचं नव्हतं, तरी न्यायालयाने सेवेला नातं मानलं.

मग माझ्या सेवेला का नाही? दोन दिवस मी यावर कुढले. नंतर लक्षात आलं, केईएमच्या परिचारिकांना अरुणाकडून काही मिळायचं नव्हतं. माझ्या नवऱ्याला मिळायचं आहे. माझ्या मनात खोट नसेलही, पण उद्या तडजोडीच्या टेबलावर आईंचे दोन लाख कमी करून आमचे दोन लाख वाढत असतील, तर मी खरंच तोंड उघडेन का? तुम्ही उघडाल का? खरं उत्तर मनातल्या मनात द्या.

म्हणून माझं मत असं झालं आहे. आपण सेवा आणि अधिकार यांची गल्लत करतो. "आम्ही सांभाळतो, मग आम्हीच ठरवणार" हे वाक्य आपल्या घराघरात चालतं. ज्यांनी कधी पाणीसुद्धा दिलं नाही ते थोरलेपणाच्या जोरावर ठरवतात, हे त्याहून वाईट. पण आजारी माणसाच्या पैशाचा प्रश्न आला की त्याच्या बाजूने बसणारं माणूस असं हवं, ज्याला त्याची माया आहे आणि त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. असं माणूस प्रत्येक कुटुंबात असतं. बहुतेक वेळा ती बाईच असते, आणि तिला कुणी विचारत नाही.

आमच्याकडे ती निघाली आईंची धाकटी बहीण, मुलुंडच्या मावशी. वय 68, निवृत्त शिक्षिका. फ्लॅटशी काडीचा संबंध नाही. जाऊबाईंनी नाव सुचवलं, नणंदबाईंच्या वकिलांनीही हरकत घेतली नाही. मावशींनी लेखी संमती दिली आणि तारखेला मुलुंडहून दादर, दादरहून मालाड असा लोकलचा प्रवास करून यायला लागल्या. असं कुणीच नसतं तर कोर्ट आपल्या अधिकाऱ्याला नेमू शकतं, पण बहिणीची सर त्याला कुठून येणार?

मावशींची किंमत कळली ती तडजोडीच्या वेळी. चारही घरं दमली होती, तेव्हा मसुदा तयार झाला. त्यात एक कलम होतं, आईंचा पाचवा हिस्सा "त्यांना सांभाळणाऱ्या मुलांकडे" समान जाईल. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. मावशी चष्मा पुसत म्हणाल्या, "हे ठीक आहे, पण ताईच्या नावावर काय राहिलं?"

खोलीत परत तीच शांतता, डबीच्या वेळची.

सातवा नियम सांगतो की अज्ञान मुलाच्या किंवा अशा व्यक्तीच्या वतीने तडजोड करायची तर कोर्टाची स्पष्ट परवानगी लागते. ती तडजोड तिच्या हिताची आहे असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि तरी न्यायाधीशांनी स्वतः बघायचं असतंच. मावशींनी त्या मसुद्यावर सही करायला नकार दिला. आता नव्या मसुद्यात आईंच्या हिश्श्याची रक्कम आईंच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहील, व्याजातून दिवसपाळीच्या बाईचा पगार आणि औषधं, हिशेब दर सहा महिन्यांनी मावशींना दाखवायचा, असं लिहिलं आहे. आमच्या ह्यांना थोडं लागलं. लागू दे.

पुतणीचं काम त्या मानाने सोपं झालं. तिच्या वादपालक जाऊबाईच. वाचताना काही जणींच्या मनात येईल की आईचं आणि मुलीचं हित एकच, यात बघायचं काय? पण तेही कोर्टाने तपासलं, कारण दोघींचे हिस्से वेगळे आहेत. वडील हयात असते तर काय, असाही प्रश्न एका मैत्रिणीने मला विचारला. तो जुना आहे. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि त्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, "त्याच्यानंतर" आई, असे शब्द आहेत. 1984 मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे 20,000 रुपयांचे रोखे घ्यायला अर्ज केला. पालक म्हणून आईची सही, तीही नवऱ्याच्या संमतीने. बँकेने अर्ज परत पाठवला, वडिलांची सही आणा किंवा पालकत्वाचा दाखला आणा. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 17 फेब्रुवारी 1999 ला निकाल आला की "त्याच्यानंतर" म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरच असं नाही, तो लक्ष घालत नसेल किंवा घालू शकत नसेल तेव्हाही आई पालकच. याच्या कितीतरी आधी, 1970 मध्ये, आपल्या विदर्भातल्या जमिनीवरून जिजाबाई गजरे यांचा खटला त्याच न्यायालयात गेला होता. बाप जिवंत होता, पण वेगळा राहायचा, मुलीकडे बघत नव्हता. जमीन आई सांभाळायची. तिथेही आईलाच पालक मानलं. शाळेच्या फॉर्मवर अजून "वडिलांची सही" मागणाऱ्यांना हे दोन निकाल सांगायला हरकत नाही.

पण आईलासुद्धा मोकळं रान नाही, हेही सांगते. मुलाच्या नावावरचं घर, जमीन, फ्लॅटमधला हिस्सा आई-बापांना कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकला तर मूल 18 वर्षांचं झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. आणि तिच्या नावे लावलेला दावा तोवर चालू असेल, तर तो पुढे चालवायचा की सोडायचा हे तिनेच ठरवायचं.

माझी खरी तक्रार कायद्याबद्दल आहे, ती मोठ्या माणसांच्या बाबतीत. मुलाला जन्मतः पालक असतो. 18 पूर्ण झाले की तो संपतो, मग ते मूल कितीही परावलंबी असो. ज्यांच्या घरी स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीचं किंवा मतिमंद मूल आहे त्यांनी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी वेळेत अर्ज करावा. अठरावा वाढदिवस झाला आणि बँकेने खातं अडवलं, मग धावाधाव होते. पण स्मृतिभ्रंशाची आजी त्या कायद्यात बसत नाही. पूर्वी 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेता यायचा. 2017 चा नवा कायदा आला, त्यात ते प्रकरणच गेलं. नव्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता आहे, बँकेपुरता नाही. "कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय आम्ही" असं कुणी म्हणेल. ते देणाऱ्याचं भान गेलं की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं, हे आम्हालाही उशिरा कळलं. बत्तिसाव्या आदेशाचा वादपालक त्या एका दाव्यापुरता असतो. मावशी कोर्टात आईंच्या वतीने बोलू शकतात, पण आईंच्या खात्यातून हजार रुपये काढू शकत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालय. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या एका गृहस्थांच्या पत्नीला त्यांची पालक नेमलं, आणि तो आदेश अनेकांना आधार झाला. पण प्रत्येक घराने आजीच्या औषधाच्या पैशासाठी फोर्टला जाऊन उच्च न्यायालयात रिट करायची का? वकिलाची फी आजीच्या ठेवीएवढी होईल. नॅशनल ट्रस्टची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर आहे, तिच्याच धर्तीवर स्मृतिभ्रंशाच्या आणि बेशुद्ध माणसांसाठी एक दार उघडायला काय हरकत आहे? मुंबईसारख्या शहरात अशी किती घरं असतील, आपल्याच मंदिरात एका रांगेत मोजून बघा.

तडजोडीचा नवा मसुदा कोर्टात दिला आहे. परवानगीची तारीख दशलक्षण पर्वानंतरची आहे. मावशी आदल्या दिवशी मुक्कामाला येणार आहेत. त्या आल्या की दोघी बहिणी गॅलरीत बसून णमोकार म्हणतात, आणि संपला की आई मावशींना विचारतात, "तू कुणाची गं?"